सत्ताशास्त्राचा पहिला तास

(देवगाव फाटा, जि. परभणी इथल्या युवक अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



माझा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या रांगेतून आवाज आला, "सत्ताशास्त्र म्हंजे झेडपीची सत्ता का आमदारकीची?" हसा. पण प्रश्न फेकून देण्यासारखा नाही. बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतलं की सुरुवातीलाच मेटाफिजिक्स नावाचं प्रकरण अंगावर येतं. मराठी पुस्तकात त्याला कुणी तत्त्वमीमांसा म्हणतं, कुणी सत्ताशास्त्र. इथं सत्ता म्हणजे असणं. काय खरोखर आहे, काय नुसतं भासतं, 'मी' म्हणजे कोण, नावाच्या मागं वस्तू असते का, असले प्रश्न. पण मराठीत असण्यालाही सत्ता म्हणतात आणि राज्य करण्यालाही सत्ताच. काय आहे आणि काय नाही हे ठरवायचा हक्क ज्याच्याकडं, त्याच्याकडंच दुसरी सत्ताही राहिली. या देशात तरी राहिली.

मी मॅट्रिक. मुंबईच्या गोदीत ओझी हलवतो आणि कविता करतो. ही पुस्तकं माझ्या मावसभावाची. तो कॉलेजला, मी रात्रपाळीला. क्रेन बंद पडली की धक्क्यावरच्या दिव्याखाली बसून मी ती वाचली.

आज सकाळी इथं दोन मतं पडली. एक, तत्त्वज्ञान घेऊन नोकरी मिळत नाही. दोन, हे सगळं बामणी थोतांड, भरल्या पोटाचे चाळे, फाट्यावर मारा. आपण बसलोयच फाट्यावर, त्यामुळं मारणं सोपं आहे. पहिल्या मताला माझ्याकडं उत्तर नाही. नोकरी कॉमर्स घेऊनही मिळत नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. मी भांडायला आलोय दुसऱ्या मताशी.

पहिल्या तासाला काय शिकवतात? मास्तर पुढ्यातल्या टेबलावर हात ठेवतो आणि विचारतो, हे टेबल खरं आहे का? ही खोड बर्ट्रांड रसेलची, १९१२ सालच्या पुस्तकातली. रंग उजेडाप्रमाणं बदलतो, आकार बसल्या जागेप्रमाणं बदलतो, मग खरं टेबल कोणतं? त्याच्या कितीतरी आधी, १६४१ साली, देकार्तनं विचारलं की मी आत्ता जागा आहे का स्वप्नात, हे कशावरून? एखादा कपटी राक्षस मला सगळं खोटंच दाखवत असेल तर? मग बर्कली नावाचा पाद्री. तो म्हणाला, कुणाच्या तरी मनात दिसल्याशिवाय वस्तूला असणंच नाही. त्यावर डॉ. जॉन्सननं एका दगडाला लाथ घातली आणि सांगितलं, हे घ्या खंडन. आम्ही गोदीवाले पहिल्या झटक्याला जॉन्सनचेच. पोलादी पत्र्याची गुंडाळी काही टनाची असते. साखळी तुटली तर तिच्याखाली बर्कली उरत नाही.

पण लाथेवर थांबू नका. दगड लाथेला लागतो. जात लाथेला लागत नाही. तिला वजन नाही, रंग नाही. दोन माणसं शेजारी उभी करा, एक्स-रे काढा, रक्त तपासा, जात सापडत नाही. म्हणून ती नाही? मग रात्री वस्तीवर दगड कुणाचे येतात? इथून आपला पेपर सुरू होतो. बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, आणि मंडळानं होऊ न दिलेल्या भाषणात हे नेमकं धरलं. जात ही काही वीटकामाची भिंत नाही, ती मनात बसलेली धारणा आहे, असं त्यांचं म्हणणं. धारणा आहे म्हणून ती हलकी आहे असं मात्र ते म्हणाले नाहीत. उलट, भिंत फोडायला पहार पुरते. धारणेला आधार देणारं शास्त्रप्रामाण्य फोडावं लागतं, हा त्यांचा मुद्दा.

वस्तू नाही, तरी खरं. असं काही असू शकतं का? तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र आठवा. पाचशेची आणि हजाराची नोट. कागद तोच, शाई तीच, गांधीबाबा तोच. बारा वाजले आणि तिच्यातलं काहीतरी गेलं. काय गेलं? आपण सगळ्यांनी तिला पैसा मानणं गेलं. अमेरिकेतल्या जॉन सर्ल नावाच्या प्रोफेसरानं १९९५ साली यावर अख्खं पुस्तक लिहिलं. पैसा, सरहद्द, लग्न, मालकी ही सगळी माणसांनी मिळून मानलेली आणि म्हणून खरी असलेली तथ्यं. चांगलं पुस्तक आहे. फक्त आपल्या माणसानं हे दुखणं साठेक वर्षं आधी नाडी धरून सांगितलं होतं.

आता पुढचा प्रश्न विचारा. नोट एका रात्रीत मेली, मग जात का मरत नाही? संविधानाच्या सतराव्या कलमानं अस्पृश्यता नष्ट केल्याचं २६ जानेवारी १९५० पासून लागू आहे. तीही घोषणाच होती, आणि नोटबंदीपेक्षा पवित्र होती. फरक असा की नोटेचा गल्ला एक, दिल्लीचा. जातीचा गल्ला घराघराच्या उंबऱ्यावर, विहिरीवर, लग्नाच्या मांडवात, भाड्याची खोली देणाऱ्याच्या जिभेवर. तिथं ती रोज वटते. मुंबईत एका मुकादमानं मला नाव विचारलं. सांगितलं. म्हणाला, पुढचं? पुढचं म्हंजे आडनाव. तेही सांगितलं. म्हणाला, हां. त्या 'हां'मध्ये सगळं सत्ताशास्त्र आलं. ते कुठल्या पुस्तकात छापलेलं नाही.

आता घरच्या मालाकडं या. या पेपरात आद्य शंकराचार्य येणार, टळत नाही. ब्रह्म तेवढं खरं, जग मिथ्या. अंधारात दोरी सापासारखी दिसते, दिवा आणला की साप जातो, तसं ज्ञान झालं की जग जातं. मराठीतल्या पहिल्या ग्रंथांत ज्याची गणना होते तो 'विवेकसिंधु' याच वळणाचा, आणि तो लिहिणारा मुकुंदराज आपल्याच मराठवाड्यात, अंबाजोगाईला पुरला आहे असं मानतात. म्हणजे हे आपल्या मातीत मुरलेलं आहे. आपल्या म्हाताऱ्यासुद्धा कुणी मेलं की म्हणतात, माया आहे बाबा.

ठीक. सगळं ब्रह्म आहे तर महारही ब्रह्म, मांगही ब्रह्म. पण याच शंकराचार्यांचं ब्रह्मसूत्रांवरचं भाष्य काढा. पहिला अध्याय, तिसरा पाद. तिथं शूद्राला वेदावरून ब्रह्मविद्येचा अधिकार नाही असं सांगितलंय, आणि आधाराला स्मृती दिलीय: वेद ऐकला तर कानात शिसं आणि लाख ओता, म्हटला तर जीभ छाटा. इतिहास-पुराणं ऐकायला मोकळीक ठेवलीय, हेही सांगतो, नाहीतर परीक्षेत तुमचे मार्क कापतील. हे कसं जुळतं? त्याची सोय त्यांच्या सत्ताशास्त्रातच आहे. सत्ता तीन प्रकारची: पारमार्थिक, व्यावहारिक, प्रातिभासिक. परमार्थात सगळे एक. व्यवहारात शिसं. दोन वह्या, दोस्तांनो. एक साहेबाला दाखवायची, एक पगार वाटायची. आणि भासातला साप चावून कुणी मेलेलं मी ऐकलेलं नाही. आमची माणसं मेली.

शंकराचार्यांची एक दंतकथा आहे. काशीच्या वाटेत चांडाळ आडवा आला, त्याला बाजूला हो म्हटलं. चांडाळ म्हणाला, कुणाला सरकायला सांगतोस? देहाला का चैतन्याला? देह तुझाही अन्नाचा, माझाही अन्नाचा. चैतन्य तर एकच म्हणतोस. काय प्रश्न आहे! अख्ख्या पेपराला पुरेल असा. आचार्यांनी हात जोडले, इथवर ठीक. पण गोष्ट पुढं काय सांगते? तो चांडाळ नव्हताच, साक्षात शंकर होता. एवढा चांगला प्रश्न चांडाळाच्या तोंडी राहूच देता आला नाही त्यांना. तोही काढून घेतला.

बाबासाहेब हे सगळं वाचून बसले होते. 'रिडल्स'मध्ये ब्रह्माच्या सिद्धांतावर एक कोडंच आहे. सगळ्यांत एकच ब्रह्म असेल तर लोकशाहीला यापेक्षा भक्कम पाया कोणता? मग त्या पायावर समता का उभी राहिली नाही? त्यांनी सिद्धांत थुंकून टाकला नाही, तो हिशेबाला बसवला. १९८७ साली महाराष्ट्र सरकारनं हा ग्रंथ छापला आणि गदारोळ झाला तो राम-कृष्णाच्या परिशिष्टावर. १९८८ च्या फेब्रुवारीत आपला मोर्चा मुंबईत उतरला, परिशिष्ट राहिलं. ते राहायलाच हवं होतं. पण ब्रह्माचं कोडं त्या धुरळ्यात कुणी वाचलं नाही. त्यांनी नाही आणि, खरं सांगायचं तर, आपणही नाही.

आता आपल्या बाजूचं. १९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं औरंगाबादेत कॉलेज काढलं, त्याला नाव दिलं मिलिंद. परिसर नागसेनवन. हा मिलिंद म्हंजे मिनँडर, ग्रीक वंशाचा राजा, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला. 'मिलिंदप्रश्न' या पाली ग्रंथात तो भिक्खू नागसेनाला विचारतो, तुझं नाव काय? भिक्खू म्हणतो, नागसेन म्हणतात, पण ते नुसतं नाव, त्याच्या आत कुणी 'नागसेन' बसलेला नाही. राजा चिडतो. मग चीवर कोण घेतं, शील कोण पाळतं? नागसेन विचारतो, तू आलास कशानं? रथानं. आस म्हंजे रथ? नाही. चाकं म्हंजे रथ? नाही. मग हे सगळं सोडून वेगळा रथ कुठं आहे? नाही. तरी रथानं आलास!

रथ लांब राहिला, आपली एस.टी. घ्या. टायर म्हंजे एस.टी. नाही, पत्रा नाही, डायव्हर नाही, तिकिटाचं मशीन नाही. तरी ती चुकली की तुम्ही उन्हात उभे. किंवा हा फाटाच घ्या. देवगाव फाटा म्हंजे काय वस्तू आहे? हॉटेल? झाड? वळण? रस्ते फुटतात त्या जागेला फाटा म्हणतात. रस्ते उचला, फाटा शिल्लक राहत नाही. फाटा ही वस्तू नाही, संबंध आहे. पण खोटा आहे का? त्याच्यावर इतक्या लोकांच्या चहाच्या टपऱ्या चालतात.

शंकराचार्यांत आणि बुद्धात फरक इथं आहे, आणि मास्तर तो बहुतेक पाच मिनिटांत उरकतो. दोघंही म्हणतात की दिसतं तसं नसतं. पण एकानं जगाचं वजन काढून घेतलं आणि व्यवस्था होती तशी ठेवली. दुसऱ्यानं वस्तूंच्या पोटातला कायमचा गाभा काढून घेतला आणि दुःखाचं वजन तसंच ठेवलं. हे आहे म्हणून ते होतं, हे थांबलं की ते थांबतं, हा प्रतीत्यसमुत्पाद. जातीला पोटात गाभा नाही, रक्तात नाही, कर्मात नाही. कारणं आहेत. आणि ज्याला कारणं आहेत ते थांबवता येतं.

आता कुणी म्हणेल, नाव नुसतं नाव, मग नामांतरासाठी आपण का मेलो? हा प्रश्न मला मुंबईत एका सुशिक्षित माणसानं हसत विचारला होता. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. याच परभणी जिल्ह्यात वस्त्या जळाल्या, शेजारच्या नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळेंना जाळून मारलं. १९९३ साली नांदेडला गौतम वाघमारेंनी स्वतःला पेटवून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला नाव लागलं, तेही 'मराठवाडा' मागं ठेवून. आता दुसरं बघा. परभणीचं मराठवाडा कृषी विद्यापीठ. २०१३ साली त्याला वसंतराव नाईकांचं नाव लागलं, 'मराठवाडा' तिथंही मागं राहिलंच. एक गोठासुद्धा जळाला नाही. बरं झालं, तसंच व्हायला हवं. पण मग नामांतराला 'मराठवाड्याची अस्मिता' जी आडवी आली होती, ती २०१३ ला कुठं झोपली होती? म्हंजे भांडण नावाशी नव्हतंच. नाव एका नात्यात बसतं आणि ते नातं काही लोकांना सहन होत नव्हतं. तुमच्या डिग्रीवर कुणाचं नाव छापलं जाणार, तुमच्या पोराला कुणाच्या नावाखाली बसावं लागणार, हा सवाल होता. १० डिसेंबर २०२४ ला परभणीत स्टेशनजवळच्या पुतळ्यापुढच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली तेव्हाही काहीजण म्हणाले, प्रतिकृतीच तर आहे. पाच दिवसांनी सोमनाथ सूर्यवंशी, कायद्याचा विद्यार्थी, न्यायालयीन कोठडीत गेला. तो प्रतिकृती नव्हता.

एकच मुद्दा राहिला. बुद्धानं काही प्रश्नांना उत्तर दिलं नाही. जग शाश्वत की अशाश्वत, सान्त की अनंत, जीव आणि देह एक की दोन. मालुंक्यपुत्त हट्टाला पेटला तेव्हा बाणाचा दृष्टांत दिला. विषारी बाण लागलेला माणूस म्हणतो, मारणारा क्षत्रिय की ब्राह्मण की वैश्य की शूद्र, काळा की गोरा, धनुष्य कसलं, पीस कुठल्या पक्ष्याचं, हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही. तो मरेल, उत्तरं मिळणार नाहीत. सकाळी इथं हाच दृष्टांत देऊन सांगितलं गेलं की बघा, बुद्धसुद्धा हा पेपर नको म्हणतो. नाही. जग खरं का खोटं याच्या गिरणीत तेच ते दळत बसू नका, असं तो म्हणतो. आणि बाण मारणाऱ्याचा वर्ण विचारू नका, एवढ्या एका बाबतीत मी बुद्धाशी हुज्जत घालीन. खैरलांजीत २००६ ला विचारावं लागलंच की. बाण आधी काढा, मान्य. पण पुढचा बाण कुठून येणार हे त्याच उत्तरात आहे, आणि आपल्याकडं भात्यातले बाण संपलेले नाहीत.

म्हणून ज्यांना बी.ए.ला जायचंय त्यांनी हा विषय खुशाल घ्या. तासाला पुढं बसा. मास्तर टेबलावर हात ठेवील तेव्हा टेबल कुणी उचलून आणलं तेही विचारा. शंकराचार्य आले की अपशूद्राधिकरण शिकवणार का ते विचारा, नाही म्हणाले तर लायब्ररीतून भाष्य काढून वर्गात घेऊन जा. मावसभावाची दोन पुस्तकं इथं ठेवून जातोय, एकाची शिवण सुटलीय, सांभाळून वापरा. रात्री जेवणानंतर मिलिंदप्रश्नातलं रथाचं प्रकरण मोठ्यानं वाचायचं ठरलंय. राजा कोण होणार ते आत्ताच ठरवा, नागसेन व्हायला पाच जण तयार आहेत.