वाळवंटातला ज्वालामुखीचा दगड



आपल्याकडे विहीर खणा, घाट चढा, नाहीतर घरातले जाते पाहा. दगड म्हटला की तो बहुधा काळाच. हा काळा फत्तर म्हणजे थिजलेला लाव्हा, हे शाळेत मुले शिकतात. त्यामुळे ज्वालामुखीचा दगड काळाच असायचा, अशी त्यांची समजूत होते. ही समजूत पुसायची, तर राजस्थानच्या थर वाळवंटातून दोन-चार दगड आणावेत. शिक्षक मंडळींनी थंडीच्या दिवसांत जीप ठरवून हा प्रवास जरूर करावा.

सुरुवात जोधपूरहून करा. मेहरानगड किल्ला १४५९ साली राव जोधाने बांधायला घेतला. त्या टेकडीच्या पायथ्याला तांबूस, तपकिरी खडक दिसतो. सुमारे ७५ कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखींनी उधळलेली तप्त राख इथे थरावर थर साचली आणि स्वतःच्याच उष्णतेने सांधली जाऊन तिचा खडक झाला. आपला काळा फत्तर सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. म्हणजे याच्यापुढे तो पोरच!

मग रंगात आणि रूपात एवढा फरक का? स्वयंपाकघरात उत्तर आहे. कढी पातळ, ती सरसर पसरते. पिठले घट्ट, ते फदफदते आणि अंगावर उडते. आपला लाव्हा कढीसारखा होता, म्हणून तो लांबवर वाहिला आणि सह्याद्रीला पायऱ्या मिळाल्या. मारवाडच्या लाव्ह्यात गारगोटीतले द्रव्य, म्हणजे सिलिका, शेकडा सत्तरच्या वर. तो पिठल्यासारखा घट्ट, आतली वाफ कोंडली की स्फोट ठरलेलाच. त्या खडकाला रायोलाइट म्हणतात.

जोधपूरचा हा खडक राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे. तिथे हातोडी पिशवीतून काढूच नका. डोळ्यांनी पाहा, चित्र काढा. दगड गोळा करायचा तो पुढे. बालोतऱ्याला लुणी नदी लागते. पावसाळा सोडला तर बहुधा कोरडेच पात्र. तिथून दक्षिणेला सिवाण्याच्या टेकड्या आहेत. ज्याची जमीन त्याला आधी विचारा. टेकडी फोडू नका. पायथ्याशी गळून पडलेले तुकडे पुष्कळ असतात. मुठीएवढा एक घ्या, डोळ्यांवर चष्मा लावून त्याची एक कड उडवा, म्हणजे आतला ताजा रंग दिसेल.

आता मुख्य गोष्ट. दगड हातात असतानाच वहीत क्रमांक, गाव, रस्त्यापासूनचे अंतर आणि तारीख लिहा. तोच क्रमांक दगडावर पांढरा ठिपका देऊन घाला आणि दगड वर्तमानपत्रात गुंडाळा. संध्याकाळी आठवून लिहू म्हणाल, तर सगळे दगड सारखेच दिसू लागतात. ठिकाण न लिहिलेला दगड म्हणजे पत्ता पुसलेले कार्ड; ते आले कुठून, कुणी सांगायचे? शाळेच्या कपाटांत असे मुके दगड थोडे नाहीत.

परत आल्यावर तो तांबूस दगड गावच्या काळ्या फत्तराशेजारी मांडा. सारख्या आकाराचे दोन तुकडे मुलांच्या दोन हातांत द्या. काळा जड लागेल, तांबूस हलका. का, ते लगेच सांगू नका. मुलांना आधी विचारू द्या.