बुरशीवरील औषधांचे कप्पे



मी कलाशाखेचा पदवीधर. वैद्यकाशी माझा संबंध रुग्ण म्हणूनच. परंतु सारे आयुष्य सरकारी कागदांच्या वर्गीकरणात गेल्यामुळे औषधांचे वर्गीकरण कसे होते, याविषयी मला कुतूहल आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या वतीने ऑस्लो येथील केंद्र १९८२ पासून हे काम पाहते. औषध कोणत्या अवयवासाठी, कोणत्या कारणाने द्यावयाचे, हे तेथे आधी पाहतात, रसायन मागाहून. शरीरभर पोचून बुरशीशी लढणारी औषधे ‘जे-०२’ या कप्प्यात आहेत. नायस्टॅटिन पोटात घेतले तरी रक्तात जवळजवळ शोषले जात नाही, म्हणून त्याची रवानगी पचनसंस्थेकडे. ग्रिसिओफल्विन व टर्बिनाफिन रक्तात जातात, पण दिली जातात गजकर्णादी विकारांवर, म्हणून त्यांची नोंद त्वचेच्या विभागात! एखाद्या मुरलेल्या हेडक्लार्कनेही मान डोलवावी अशी ही व्यवस्था आहे.

जीवाणूंची पेशी आपल्या पेशीहून फार निराळी असते. बुरशीची मात्र आपली बरीच जवळची नातलग. आपल्या पेशीच्या पटलात कोलेस्टेरॉल, तिच्या पटलात एर्गोस्टेरॉल. बहुतेक औषधांची भिस्त एवढ्याच फरकावर. अँफोटेरिसिन-बी एर्गोस्टेरॉलला जाऊन चिकटते, पण त्याची झळ मूत्रपिंडांनाही लागते. त्याच पॉलिइन कुळातील हॅमायसिन आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्समध्ये सापडले. ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळाले, त्याच्या शास्त्रीय नावातच ‘पिंप्रिना’ हा शब्द आहे. अझोल कुळातील औषधे एर्गोस्टेरॉल तयारच होऊ देत नाहीत. कॅस्पोफंजिन बुरशीच्या पेशीभित्तीवर घाव घालते. आपल्या पेशींना अशी भिंत नसल्याने ते पुष्कळच सोसवते. एवढे गुणी औषध, पण नोंद ‘इतर’ या कप्प्यात! कचेऱ्यांतूनही हेच घडते.

२०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसने देशभर थैमान घातले, तेव्हा अँफोटेरिसिनच्या कुप्यांसाठी रुग्णांचे नातेवाईक गावोगाव वणवण फिरले. बुरशीवरील दुसरे औषध का चालू नये, हा प्रश्न स्वाभाविक होता. उत्तर कप्प्यांत नव्हते. फ्लुकोनॅझोल आणि व्होरिकोनॅझोल म्युकरपुढे निष्प्रभ; त्यांचेच सख्खे शेजारी पोसाकोनॅझोल व आयसावुकोनॅझोल मात्र उपयोगी. ही यादी मुळात कोठे कोणते औषध किती खपते, हे मोजण्यासाठी आहे. रुग्णाला काय द्यावयाचे हे ठरविण्यासाठी नाकातील ऊतीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागे, आणि तोही वेळेत.