५६ टक्के मतं मिळाली, तरी दार बंद

आजचा एपिसोड क्रिकेटचा आहे, पण स्कोअरबोर्डचा नाही. क्लबच्या नियमावलीचा आहे.

सुरुवात माझ्याच सोसायटीपासून करते. आमच्याकडे एक क्रीडा समिती आहे. मैदान कधी, कोणाला, वर्गणी कुठे खर्च करायची, सगळं तीच ठरवते. मी समितीसाठी नाव द्यायला गेले, तर एक काका अगदी प्रेमाने म्हणाले, "अगं, बायकांना घ्यायचं नाही असं नियमात कुठे लिहिलंय? फक्त समितीतल्या दोघांची शिफारस आण." समितीत नऊच्या नऊ काका. मी काही न बोलता घरी आले आणि रात्री एमसीसीचा इतिहास वाचत बसले.

एमसीसी म्हणजे मेरिलबोन क्रिकेट क्लब. स्थापना १७८७. लंडनचं लॉर्ड्स मैदान याच क्लबचं. क्लब खासगी आहे, मान्य. पण क्रिकेटचे नियम हाच क्लब लिहितो. गल्लीतली मुलगी एलबीडब्ल्यू आऊट होते ती यांच्याच नियमाने. म्हणून "खासगी क्लब आहे, त्यांचं ते बघतील" हे उत्तर मला पटत नाही.

आता रेचल हेहो फ्लिंट यांची गोष्ट ऐका. १९७३ साली महिलांचा पहिला वर्ल्ड कप झाला, पुरुषांच्या दोन वर्षं आधी. तो इंग्लंडने जिंकला आणि कॅप्टन याच होत्या. १९७६ मध्ये लॉर्ड्सवर महिलांचा पहिला सामना झाला, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. तिथेही कॅप्टन याच, आणि जिंकल्याही. पण ज्या क्लबच्या मैदानावर जिंकल्या, त्याचं सभासदत्व त्यांना मागताही येत नव्हतं. १९९१ मध्ये त्यांनी अर्ज केला तो 'आर. फ्लिंट' या नावाने, म्हणजे पुरुष की बाई ते कळू नये. सभासदांनी मतदान केलं आणि बायकांना नकार दिला.

आपल्याकडच्या खेळाडूंनाही याचा फटका बसलाय. मुंबईच्या डायना एदलजी १९८६ च्या दौऱ्यात भारताकडून खेळायला गेल्या होत्या, तरी त्यांना लॉर्ड्सच्या पॅव्हिलियनमध्ये जाऊ दिलं नाही.

मग आलं १९९८. फेब्रुवारीत पुन्हा मतदान झालं आणि ५६ टक्के सभासद बायकांच्या बाजूने होते. तरी ठराव पडला! कारण नियम बदलायला दोन तृतीयांश मतं लागायची. म्हणजे बहुसंख्य पुरुषांना हवं असूनही होईना. आणि जिला आत यायचं होतं, तिला मतच नव्हतं. सप्टेंबरमध्ये परत मतदान झालं, जवळपास ७० टक्के मतं मिळाली आणि २११ वर्षांचा नियम गेला. पुरुषांपुरत्या क्लबला सार्वजनिक लॉटरीचा निधी मिळणं अवघड होतं, हेही कारण तेव्हा चर्चेत होतं. १९९९ मध्ये दहा जणींना मानद आजीव सभासदत्व मिळालं. त्यात फ्लिंटही होत्या.

इथे आपण टाळ्या वाजवून मोकळे होतो. पण मी सॉफ्टवेअरवाली आहे. कोडमधली एक ओळ बदलली की पुढचं सगळं नव्या नियमाने चालतं, पण जुना डेटा आपोआप बदलत नाही. एमसीसीचंही तेच झालं. सर्वसाधारण सभासद व्हायला कित्येक वर्षांची प्रतीक्षा यादी, दोन दशकांहून मोठी. १९९८ नंतर नाव घालणारी बाई त्या रांगेच्या शेवटी उभी राहिली. पुढे सगळे पुरुष. त्यातून अर्जाला सभासदांचीच शिफारस लागते, आणि सभासद कोण? पुन्हा पुरुषच. खेळून सभासद होण्याचा वेगळा, जवळचा रस्ता आहे, पण तो चांगलं खेळणाऱ्यांसाठी.

कारभारातला बदल तर आणखी सावकाश झाला. मुख्य समितीवर पहिली बाई निवडून आली २००४ मध्ये, त्याही फ्लिंटच. अध्यक्षाचं नाव आधीचा अध्यक्ष सुचवतो. कुमार संगकारा अध्यक्ष झाला, तेव्हा त्याने क्लेअर कॉनर यांचं नाव सुचवलं आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये त्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. २३४ वर्षांनी. त्याच सुमारास नियमांत 'बॅट्समन'च्या जागी 'बॅटर' आला. दरम्यान २०१७ मध्ये याच लॉर्ड्सवर महिला वर्ल्ड कपची फायनल भरगच्च गर्दीत झाली होती. आपल्या पूनम राऊतने ८६ केल्या आणि आपण ९ धावांनी हरलो. म्हणजे गर्दी खेचायला बाई केव्हाच तयार होती. खुर्चीत बसायला तिला आणखी चार वर्षं लागली.

म्हणून एक काम सांगते. तुमच्या सोसायटीची, जिमखान्याची, गणेश मंडळाची नियमावली मागून घ्या. 'महिलांना बंदी' शोधू नका, ती सापडणार नाही. तीन गोष्टी बघा: शिफारस कोणाची लागते, रांग कशी लागते, आणि नियम बदलायला किती मतं लागतात.

मी बघितलं. आमच्याकडेही दोन तृतीयांश लागतात. पुढच्या महिन्यात सर्वसाधारण सभा आहे. 'समितीतल्या दोघांची' हे काढून 'कोणत्याही दोन रहिवाशांची' असं करायचा ठराव मी दिलाय. त्यावर अनुमोदक म्हणून सही आहे ती त्याच काकांची. मतं मात्र अजून मोजतेय.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काय झालं ते सांगेनच.