चौघांचा नाताळ, वेगळा बेत

नाताळ म्हटला की वसईत तळलेले फुगे आणि गोव्यात डुकराच्या मांसाचं सोरपोतेल हवंच. पण सोरपोतेल दोन-तीन दिवस मुरल्यावरच खुलतं, फुग्यांचं पीठ आंबवावं लागतं. घरी चौघंच असतील, तर बेत खुशाल बदला. मुख्य पदार्थ एकच ठेवा. प्रत्येकी अर्ध्या किलोची दोन पापलेटं आणा, चिरा देऊन हिरवी चटणी भरा आणि ओव्हनमध्ये 200 अंश सेल्सिअसला 20 मिनिटं भाजा. काट्याजवळचं मांस सहज सुटलं, की मासा झाला. सोबत लसणीवर परतलेले बटाटे आणि गाजराची कोशिंबीर. गोडाला महाबळेश्वरची ताजी स्ट्रॉबेरी. चटणी आदल्या दिवशीच वाटून ठेवा, म्हणजे रांधणाऱ्यालाही सगळ्यांबरोबर जेवायला बसता येईल. नाताळच्या मनःपूर्वक शुभेच्छा!