कुळावी, यात्रेकरू आणि पर्यटक
(उत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



माघ महिन्यात कवळ्याला श्रीशांतादुर्गेची आणि मंगेशीला श्रीमंगेशाची जत्रा भरते. मुंबई, कारवार, मंगळूर येथून कुळावी सहकुटुंब येतात, अग्रशाळेत उतरतात, अभिषेक-महापूजा आटोपून दोन-तीन दिवसांनी परततात. त्यांना कोणी 'पर्यटक' म्हटले तर ते रुचणार नाही. कुलदेवतेच्या दारी आलेला माणूस स्वतःला पाहुणाही समजत नाही. तथापि नियोजनाचे शास्त्र माणसाची भावना विचारीत नाही. तो कोठून आला, किती काळ राहिला आणि कशासाठी आला, एवढेच विचारते.

या व्याख्येला इतिहास आहे. १९३७ साली राष्ट्रसंघाने परदेशात किमान चोवीस तास राहणाऱ्यास पर्यटक मानले. १९६३ च्या रोम परिषदेने 'अभ्यागत' हा व्यापक शब्द घेऊन त्याचे दोन भाग पाडले: चोवीस तास वा अधिक राहणारा तो पर्यटक, त्याहून कमी थांबणारा तो सहलकरी. गंमत अशी, की तेथे धर्म हा हेतू विरंगुळ्याच्या गटात, क्रीडेच्या शेजारी बसविला होता! २००८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या शिफारशींत मात्र धर्म व तीर्थयात्रा यांना स्वतंत्र स्थान मिळाले. आज आपल्या नित्याच्या परिसराबाहेर, एक वर्षाहून कमी काळासाठी, तेथे नोकरी करण्याखेरीज कोणत्याही हेतूने जाणारा तो अभ्यागत होय. त्यातील रात्रीचा मुक्काम करणारा तो पर्यटक.

'नित्याचा परिसर' हा येथील कळीचा शब्द. सोळाव्या शतकात साष्टीतील देव अंत्रुज महालात आले आणि कुळावी दूरदेशी पांगले. म्हणून मुंबईचा कुळावी, मनाने घरचा असला तरी, या व्याख्येने पर्यटक ठरतो. शेजारच्या गावातून दर सोमवारी मंगेशीला येणारा भाविक अभ्यागतही ठरत नाही. कळंगुटला उतरलेला आणि बसने तासाभरासाठी देवळात आलेला परदेशी मनुष्य गोव्याचा पर्यटक, पण फोंडा तालुक्यापुरता केवळ सहलकरी होय.

हा शब्दच्छल नव्हे. गणना केवळ हॉटेलांच्या नोंदींवरून केली, तर अग्रशाळेतील कुळावी आणि बसमधला सहलकरी दोघेही तीत सापडत नाहीत. उलट सर्वांची एकच बेरीज केली, तर गरजांतील भेद बुडतो. कुळाव्याला खोली, स्नानाचे पाणी आणि प्रसादाचे भोजन हवे. सहलकऱ्याला वाहनतळ, शौचालय आणि पादत्राणे ठेवण्याची सोय हवी. सोमवारच्या भाविकाला गर्भागारापर्यंत मोकळी वाट हवी. केवळ बेरीज पाहून केलेल्या योजनेत ज्यांची संख्या मोठी त्यांची सोय आधी होते, आणि ज्यांच्यासाठी अग्रशाळा उभ्या राहिल्या तेच मागे पडतात.

याहून गंभीर बाब गर्दीची. ३ मे २०२५ रोजी पहाटे शिरगावच्या श्रीलईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविक मृत्युमुखी पडले. अशा रात्री कोण पर्यटक आणि कोण ग्रामस्थ हा भेद निरर्थक असतो. तेथे कोणत्या वाटेने, कोणत्या घटकेला किती माणसे येतात, हीच गणना प्राण वाचवू शकते. वर्षाचा एकूण आकडा तेथे उपयोगी पडत नाही.

म्हणून प्रत्येक देवस्थानाने आपली नोंदवही आपणच ठेवावी. अग्रशाळेत मुक्काम करणारे, दिवसाभराचे अभ्यागत आणि पंचक्रोशीतील भाविक असे तीन रकाने पुरेत. जत्रेच्या दिवसांत प्रहराची नोंद अधिक करावी. महाजनांनी जमाखर्च पिढ्यान्‌पिढ्या चोख ठेवला आहे. माणसांचा हिशेब ठेवणे त्यांना अवघड नाही. पाणी, रस्ता वा वाहनतळ यांची योजना पुढे येईल, तेव्हा ही वही देवस्थानाची बाजू मांडील आणि कुळाव्याची जागा कुळाव्यासाठी राखता येईल.