नकाराचा कागद जपून ठेवा

गटाची बैठक उरकून, जनावरांना वैरण टाकून, कुणी भाकरी थापता थापता रेडिओ ऐकत असाल. आज आपण एका अर्जाबद्दल बोलू. आपल्या शेजारच्याच गावच्या एका जवानाचा तो अर्ज. १९८२ साली केलेला आणि नाकारला गेलेला.

पुणे-बंगळूर रस्त्यावर पेठ नाका आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. तिथल्या पेठ-इस्लामपूर भागातले मुरलीकांत पेटकर. सैन्याच्या ई.एम.ई. दलात, म्हणजे गाड्या, यंत्रं, शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या दलात ते जवान होते. मुष्टियुद्धही चांगलं खेळायचे. १९६५ च्या पाकिस्तानबरोबरच्या युद्धात हवाई हल्ला झाला आणि त्यांच्या अंगात गोळ्या घुसल्या. एक गोळी पाठीच्या कण्यात रुतली. कमरेखालचं अंग गेलं. मुंबईच्या नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात त्यांच्यावर पुष्कळ दिवस उपचार चालले. तिथंच व्यायाम म्हणून पाण्यात उतरायला सांगितलं, आणि मुष्टियुद्ध खेळणारा माणूस पोहणारा झाला.

१९७२ साली जर्मनीत हायडलबर्ग इथं अपंगांच्या ऑलिंपिक स्पर्धा झाल्या. आता त्यांना पॅरालिंपिक म्हणतात. तिथं ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत पेटकरांनी ३७.३३ सेकंदांत सुवर्णपदक जिंकलं. तो जागतिक विक्रम ठरला. पॅरालिंपिकमध्ये भारताला मिळालेलं हे पहिलं सुवर्णपदक. चाकाच्या खुर्चीतल्या, आपल्या वाळव्याकडच्या माणसानं ते आणलं.

दहा वर्षांनी, १९८२ ला, त्यांनी अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज केला. तो नाकारला गेला. आपण अपंग म्हणून नाकारलं, असं ते सांगत आले आहेत. पुढं पुण्यात कारखान्यात नोकरी केली, संसार केला. २०१८ साली पद्मश्री मिळाली. २०२४ ला त्यांच्यावर हिंदी सिनेमा आला, तो आपल्यातल्या काहींनी पाहिलाही असेल. आणि जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते अर्जुन पुरस्कार मिळाला. पहिल्या अर्जापासून मोजलं तर ४३ वर्षं झाली. आज ज्या पोरी गटाचा हिशोब लिहितात, त्यातल्या कित्येकींचा जन्मही त्या अर्जाच्या वेळी झाला नव्हता.

असं एकट्या पेटकरांचंच झालं का? कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव आठवा. १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचं कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जाण्यासाठी पैसे नव्हते. गावानं वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण ठेवलं. परत आल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. १९८४ ला ते अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर सोळा वर्षांनी.

आता आपल्यापैकी कुणी म्हणेल, देशासाठी केलं ना, मग मागायचं कशाला? शोभतं का? हा प्रश्न आम्ही गावोगावच्या बैठकांत ऐकतो, आणि तो बहुतेक वेळा जवानाच्या बायकोला विचारला जातो. आम्हाला वाटतं, मागण्यात कमीपणा नाही. पदक, दाखला, पेन्शन ही झालेल्या गोष्टीची नोंद असते. आपल्या गटात एखादीनं पाचशे रुपये भरले आणि वहीत लिहिलंच नाही, तर ती काय करते? गप बसते का? वही उघडायला लावते. तसंच हे आहे.

सैन्यातल्या शौर्यपदकाचं काम कसं चालतं, तेही समजून घेऊ. शौर्यपदकासाठी जवान स्वतः अर्ज करत नाही. त्यानं काय केलं ते त्याचा वरिष्ठ अधिकारी लिहितो, शिफारस करतो, ती पायरीपायरीनं वर जाते, आणि २६ जानेवारीला किंवा १५ ऑगस्टला नावं जाहीर होतात. तासगाव तालुक्यातल्या मणेराजुरीचे पांडुरंग साळुंखे १९७१ च्या युद्धात पडले, त्यांना महावीर चक्र मिळालं. जावळीतल्या केडंब्याचे तुकाराम ओंबळे आधी सैन्यात आणि मग मुंबई पोलिसांत होते. त्यांना २००९ साली अशोकचक्र मिळालं. त्यांनी केलं ते मोठं होतंच, पण ते पाहणारं आणि लिहून वर पाठवणारंही कुणीतरी होतं. जिथं लिहिणारा उरला नाही, साक्षीदार उरला नाही, तिथं तेवढंच मोठं काम कागदावर आलं नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून पहिल्या महायुद्धात ४६ जण गेले ते परतले नाहीत, असं गाव सांगतं. त्या सगळ्यांनी तिथं काय केलं, हे आज कोण सांगणार?

म्हणून पदक मिळावं की नाही, हे आपल्या हातात नाही. पण कागद आपल्या हातात आहे. आणि पदकापेक्षाही आपल्या भागातल्या घरांना जास्त नड असते ती जखमेच्या, अपंगत्वाच्या पेन्शनची.

आमच्या एका गटातल्या ताईंचं सांगतो. मालक नोकरीत असताना जखमी झाले, मुदतीआधीच घरी आले. अपंगत्वाच्या पेन्शनला नकार आला. कारण दिलं होतं की दुखण्याचा सेवेशी संबंध नाही. पत्र इंग्रजीत होतं. मालकांनी ते पेटीत टाकलं आणि पेटी माळ्यावर गेली. नकाराविरुद्ध अपील करता येतं आणि त्याला मुदत असते, हे त्या घरात कुणाला ठाऊकच नव्हतं. पुढं ताई गटात आल्या, कर्जाच्या कागदासाठी पेटी उघडली तेव्हा ते पत्र आमच्या हाती पडलं. माहितीच्या अधिकारात अर्ज केला, दहा रुपयांचा. मेडिकल बोर्डाचे कागद मागितले. ते मिळाले. उशीर माफ करावा अशी विनंती जोडून अपील गेलं. निकाल अजून आलेला नाही. येईल तो काय येईल, आज सांगता येत नाही. पण मालक आता ते पत्र स्वतः वाचून घेतात, आणि दुखापत कुठल्या दिवशी, कुठल्या ठिकाणी झाली, सोबत कोण होतं, हे त्यांनी पोरीकडून वहीत लिहून घेतलंय. इतकी वर्षं घरात हा विषयच निघत नव्हता.

उशिराची किंमतही असते, बायांनो. पेन्शनचा निकाल आपल्या बाजूनं लागला तरी मागची थकबाकी पुष्कळदा दावा करण्याआधीच्या तीनच वर्षांची मिळते. पेटीत दहा वर्षं गेली तर त्यातली सात बुडाली असं धरा.

मग करायचं काय? चार गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली. घरात कुणी सैन्यात असेल, होतं असेल, तर डिस्चार्ज बुक, पेन्शनचा पी.पी.ओ., मेडिकल बोर्डाचे कागद आणि आलेलं प्रत्येक पत्र एका पिशवीत ठेवा. नकाराचं पत्र तर आधी ठेवा. होकाराला अपील नसतं, नकाराला असतं. पत्रावरची तारीख आणि ते घरी पोचल्याची तारीख, दोन्ही लिहा.

दुसरी. बायकोचं, पोरांचं नाव आणि जन्मतारीख सैन्याच्या दप्तरात बरोबर आहे का ते पाहा. आधारवर एक नाव, दप्तरात माहेरचं दुसरं नाव, असं असलं की नवऱ्यामागं कुटुंब पेन्शन अडते. मराठा लाइट इन्फंट्रीचं दप्तर बेळगावला आहे, ई.एम.ई.चं सिकंदराबादला. प्रत्येक दलाचं वेगळं असतं. माणूस हयात आहे तोवर दुरुस्ती सोपी जाते.

तिसरी. साताऱ्यात आणि सांगलीत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. माजी सैनिकांसाठी आणि त्यांच्या विधवांसाठीच ते आहे. तिथं जाताना एकटीनं जाऊ नका, गटातली एक सोबत न्या. तोंडी उत्तरावर परत येऊ नका. अर्ज द्या, पोच घ्या.

चौथी. सैन्यानं अंतिम नकार दिला तरी दार बंद होत नाही. सैनिकांच्या नोकरीच्या आणि पेन्शनच्या तक्रारींसाठी २००७ च्या कायद्यानं सशस्त्र सेना न्यायाधिकरण झालं आहे, त्याचं एक पीठ मुंबईला आहे. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत तिथं जायचं असतं. उशीर झाला तर कारण सांगून माफी मागता येते. वकिलाला पैसे कुठून आणू, असं म्हणू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं कुठल्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथं विचारा.

पेटकरांना पुरस्कार मिळाला तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते. मिळाला याचा आनंद आहेच. पण दुखरे पाय घेऊन घरात बसलेल्या प्रत्येक जवानावर सिनेमा निघणार नाही. त्याच्यासाठी घरातल्या बाईनंच कागद सांभाळायचा आहे.

या महिन्याच्या बैठकीत आपण एक करू. बचतीचा हिशोब झाला की गटप्रमुखांनी विचारायचं, कुणाच्या घरी सैन्याचे कागद आहेत? ज्यांच्या घरी असतील त्यांनी पुढच्या बैठकीला पिशवी आणायची. शिकलेल्या पोरींनी वाचून दाखवायचं, तारखा वहीत उतरायच्या. सासूबाईंचे असोत, वहिनींचे असोत, शेजारणीचे असोत. ज्या आजींना वाचता येत नाही त्यांच्या घरी आपण जायचं.

बरं तर, आता भाकरी करपायच्या आधी रजा घेतो. नमस्कार.