भाकरी आणि तिचा हिशेब

(शाहूपुरी येथे कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



‘माणसे वाढतात, जमीन वाढत नाही, मग विज्ञान तरी कोठवर पुरे पडणार?’ असा प्रश्न आपल्याला वारंवार विचारला जातो. माल्थसने १७९८ साली हेच भय घातले होते. आकडे मात्र निराळे सांगतात. १९५१ साली देशाची लोकसंख्या ३६ कोटी होती. २०११ साली ती १२१ कोटी, म्हणजे सव्वातीन पटींहून थोडी अधिक झाली. त्याच अवधीत धान्योत्पादन सुमारे ५ कोटी टनांवरून २४ कोटी टनांवर गेले. संकरित बियाणे, खत आणि पाणी यांनी आपले काम चोख बजावले.

मग भूक का उरली? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील दर १०० बालकांपैकी ३५ बालकांची वाढ खुंटलेली आहे. त्याच पाहणीत राज्याचा एकूण जननदर १.७, म्हणजे लोकसंख्या स्थिर राखणाऱ्या २.१ या पातळीखाली आढळला. तेव्हा पाळण्याकडे बोट दाखवून कोणालाही सुटता येणार नाही.

तंत्रज्ञानालाही मालक असतो. ज्या शाहू महाराजांनी ही गुळाची पेठ वसविली, त्यांनीच राधानगरीच्या धरणाचा पाया घातला. त्या पाण्याने हा जिल्हा हिरवा केला, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. परंतु आज राज्यातील पिकांखालील क्षेत्राचा अल्पसा भाग व्यापणारा ऊस सिंचनाच्या पाण्याचा निम्म्याहून अधिक वाटा घेतो, आणि ज्वारी व कडधान्ये पावसाच्या भरवशावर राहतात. अतिपाण्याने शिरोळ तालुक्यातील जमिनी क्षारपड झाल्या. यात शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. उसाला कायद्याने किमान दर मिळतो; ज्वारीचा हमीभाव खरेदी केंद्राअभावी बहुधा कागदावरच राहतो. तो ऊस लावणार नाही तर काय करणार?

लोकसंख्येने मागे टाकले ते शेताला नव्हे, सरकारी नोंदवहीला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यातील लाभार्थ्यांची संख्या २०११ च्या जनगणनेवरून ठरली. त्यानंतर वाढलेल्या कुटुंबांचे काय?

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात : पाण्याचे समन्यायी वाटप, ज्वारी व कडधान्यांची प्रत्यक्ष सरकारी खरेदी आणि वाढलेल्या लोकसंख्येनुसार शिधापत्रिका. बियाणे प्रयोगशाळेत सुधारेल. वाटप सुधारण्यासाठी मात्र संघटनाच लागेल. गावोगाव शिधापत्रिकेविना राहिलेल्या घरांची यादी करण्यापासून आपण आरंभ करू या.